मोठीमायचं ‘काहून’

पौषातल्या सकाळी विहिरीतून नुकतीच ओढलेली बादली वाफाळत असायची, आणि त्या विरळ, शुभ्र वाफेत कोपरापर्यंत बुडालेला एक सावळा हात मला अजून दिसतो. मनगटावर हिरव्या बांगड्या, त्यांच्या वर फिकट झालेलं गोंदण, आणि चेहऱ्यावर असा भाव की पाणी काहीतरी सांगतंय आणि हिला ते नीट ऐकू येत नाही. ही माझी मोठीमाय, वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. लाखांदूरजवळच्या आमच्या गावात सारे जण अंग चोरून शेकोटीभोवती बसलेले असताना ही बाई बादलीत हात घालून उभी राहायची. ‘‘हवा एवढी गार, आन् पानी ऊन. काहून?’’ असं विचारायची, आणि उत्तरासाठी खरोखर थांबायची.

तिच्या त्या ‘काहून’मध्ये तक्रार नव्हती. लाखोळीच्या निळ्या फुलावर दहिवर टिकून राहतं आणि पळसाच्या पानावरून मात्र घरंगळून जातं, हे बघताना तिची मान किंचित कलायची, उजव्या हाताचा तळवा आपोआप आकाशाकडे वळायचा, आणि ओठांवर शब्द येण्याआधीच तो प्रश्न तिच्या बोटांत आलेला असायचा. शिशिराचं तिरपं ऊन त्या तळव्यावर पडलं की भेगांमधली माती चमकायची. माझी आई वैतागायची. ‘‘बाई, तुले दुसरे कामं नाहीत काय?’’ म्हणायची. कामं होतीच, आणि मोठीमाय ती सगळी करायची. पण करता करता विचारायची.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिनं एक धाडस केलं. पवनीकडच्या तिच्या माहेरी एक बारीक, सुवासिक धान पिकत असे. पुढे सगळे नव्या, भरघोस वाणांकडे वळले आणि ते वाण माहेरातूनही हद्दपार झालं. उरलं होतं ते तिथल्या शेवटच्या पिकातून मोठीमायनं आणून मडक्यात ठेवलेलं दोन पायली बियाणं. आदल्या पावसाळ्यात तिच्या आजारपणामुळे ते लावायचं राहून गेलं होतं. बी शिळं होत चाललं होतं, आणखी थांबलं असतं तर उगवलंच नसतं. म्हणून तिनं ते सगळंच्या सगळं उन्हाळी धानासाठी टाकलं. पऱ्हे, म्हणजे रोवणीआधीची ती कोवळी रोपं, ऐन थंडीत वाढवायची होती. इकडच्या लोकांना थंडीतल्या पऱ्ह्यांची एक युक्ती ठाऊक असते: संध्याकाळी विहिरीचं कोमट पाणी वाफ्यात सोडायचं, पात्यांना रात्रभर त्या उबेत उभं ठेवायचं, आणि सकाळी ते गारठलेलं पाणी काढून टाकायचं. मोठीमायनं हे एकही दिवस चुकवलं नाही.

मला तेव्हा हवामानाच्या एका वेधशाळेत नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. रोज आभाळात फुगा सोडायचा, त्यानं वरून पाठवलेले आकडे उतरवायचे, नकाशावर रेघा ओढायच्या. तेवढ्यावर मी स्वतःला वाऱ्याचा जाणकार समजत होतो. रजेवर घरी आलो तेव्हा मोठीमाय खोकत होती, पाय पाण्यानं उलले होते. दोन दिवस ढग आले, हवा सौम्य झाली. ढग गेल्यावर गारठा पुन्हा पडतो, एवढं मलाही ठाऊक होतं; पण पौष सरत आला की तो दुबळा असतो, असा आमचा ठोकताळा. मी छातीठोक सांगितलं, ‘‘मोठीमाय, थंडी सरली. आता पाणी सोडायची गरज नाही. तू घरी थांब.’’

ती बादलीपाशी गेली, हात बुडवून उभी राहिली. ‘‘हात तं अजून नाही म्हनते, बाबू.’’ मग माझ्याकडे पाहून हसली. ‘‘पन तू शिकलेला हायेस.’’ त्या हसण्यात माझ्याबद्दलचा केवढा अभिमान होता! त्या संध्याकाळी ती बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गेली नाही, दुसऱ्याही नाही.

तिसऱ्या सकाळी थंडी उतरली ती अशी की म्हाताऱ्यांनाही तुलना सापडेना. कुठलाही वारा नव्हता, आवाज नव्हता. फक्त सूर्य उगवूनही ऊन पोचत नव्हतं. पऱ्ह्यांची टोकं आधी पिवळी झाली, मग पांढरी. तिनं धावपळ करून पाणी सोडलं, वरून पेंढ्याची तणस पसरली. चार दिवसांत वाफ्यात चिखल तेवढा उरला. मला वाटलं, आता ती मला चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं. ती शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसली, एक वाळलेलं पातं बोटांत फिरवलं, आणि तळवा आकाशाकडे वळवून म्हणाली, ‘‘सरली होती नं रे? मंग वापस आली काहून?’’

मला पुष्कळ लाज वाटली.

त्या एका प्रश्नापायी मी पुढची सात-आठ वर्षं ग्रंथालयातली धूळ खाल्ली. हळूहळू जे उमगलं त्यानं मी थक्क झालो. कुठल्या कुठे, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला महासागराचं पाणी थोडं तापतं किंवा निवतं, आणि आभाळातल्या मोठ्या वाऱ्यांच्या वाटा बदलतात. त्याहून अद्भुत गोष्ट ढगांच्याही वर, आमचे फुगे जिथे फुटतात त्या उंचीवर घडते. तिथे ध्रुवाभोवती हिवाळाभर गरगरणारा वारा कधी कधी अचानक मोडतो, वरची हवा एकाएकी तापते, आणि मग काही आठवड्यांनी खाली, ध्रुवाजवळ कोंडलेला गारठा दक्षिणेकडे सांडतो. त्याचा धागा आमच्या बांधीपर्यंत किती पोचतो, हे कोणी ठामपणे सांगत नव्हतं.

ऐंशीच्या दशकात एका माघात मी हे सगळं तिला सांगायला मुद्दाम गावी गेलो. अंगणात उन्हाला पाठ देऊन ती बसली होती. केस पिकले होते, कान मात्र तेच होते. तिनं सूप बाजूला ठेवून ऐकलं.

‘‘वर तापलं म्हून खाली गारठलं? अगागागा! आन् वर काहून तापलं?’’

‘‘वारा मोडला म्हणून.’’

‘‘वारा काहून मोडला?’’

‘‘खालून लाटा वर जातात, हवेच्या. कधी समुद्र तापल्यामुळेही त्यांना जोर येतो.’’

‘‘समुद्र काहून तापते?’’

मी बोलत राहिलो, ती खणत राहिली. एका ठिकाणी माझी विद्या संपली. ‘‘त्याच्या पुढचं मला माहीत नाही, मोठीमाय.’’

ती मनापासून हसली. अगदी समाधानानं तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘‘आता बराबर बोल्लास, बाबू. तवा बी असाच बोल्ला असतास, तं मी पानी सोडलं असतं.’’

त्यात राग नव्हता. इतकी वर्षं तिनं ते जपून ठेवलं होतं आणि आता सहज दिलं, एवढंच.

ती गेली त्यालाही आता कितीतरी हिवाळे झाले. तिचा आवाज, तिची मान, तिचा वळलेला तळवा, सगळं काळानं माझ्यापाशी राहू दिलं आहे. पण तिच्या माहेरच्या त्या भाताचा वास कसा होता, हे मला आठवत नाही, कारण तो माझ्या वाट्याला कधी आलाच नाही.