कोबीवरचा दगड

"काका, काढा बघू ती गादी," रुमेना म्हणाली.

मिंकोने आधी बायकोकडे, त्सोनाकडे पाहिलं. वर्गाबाहेर जायला बाईंची परवानगी मागावी तसं. मग मांडीवरच्या गादीच्या कडेखाली दोन्ही हात घातले. गादी जराशी हलली आणि पुन्हा बसली. त्याने परत हात घातले. मी शेजारीण, दारात भरल्या मिरच्यांचं ताट घेऊन उभी होते आणि पळून जावंसं वाटत होतं. त्या गादीतले दगड माझ्या डोक्यातून आले होते.

मिंको तीस वर्षं आमच्या गावाहून गाब्रोवो शहराची बस चालवत असे. डोक्याने साथ सोडली, तरी अंगातली वेळ गेली नाही. रोज संध्याकाळी पाचला खुर्चीतून उठायचा, "गाडी काढायचीय," म्हणायचा आणि फाटकाबाहेर पडायचा. दोनदा लोकांनी पुलावरून परत आणला, एकदा नाल्यात सापडला. त्सोनाने फाटकाला कुलूप घातलं, तर मुठी आपटून हात रक्ताळून घ्यायचा.

गादी सुचवली रुमेनाने, घरोघर फिरणाऱ्या नर्सने. "मांडीवर वजन असलं की माणूस शांत होतो, मावशी. पण उगाच जड नको. काका साठ किलोचे, तर तीन किलो पुरे. अर्धा तास ठेवायची, पायाची बोटं बघत राहायचं, एकटं सोडून जायचं नाही. आणि ती त्यांना स्वतःच्या हाताने काढता आलीच पाहिजे. नाहीतर गादी कसली, बेडीच ती."

त्सोनाचा जन्म कापड कारखान्यात शिवण्यात गेला होता. तिने जाड कापडाचे कप्पे शिवले आणि त्यांत चेरीच्या धुतलेल्या बिया भरल्या. मिंको बिया चाचपत गप्प बसायचा. पाच वाजले की मात्र गादी उचलायचा, नीट घडी करून बाजूला ठेवायचा आणि उठायचाच. घडी केल्याशिवाय नाही हं! पण उठायचा.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याला, दोब्रीला, जाऊन चाळीस दिवस झाले; त्याच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना आणि मग जेवण ठेवलं होतं.

"तू आली नाहीस तर लोक काय म्हणतील? शेजारीण की वैरीण?" मी त्सोनाला म्हणाले.

"आणि ह्याला कुठे ठेवू? कोंबड्यांच्या खुराड्यात?"

"गादी जड कर की. पिंपात खारवलेल्या कोबीवर दगड हलका पडला की काय होतं?"

"कोबी वर येतो."

"आणि वर आला की सडतो. मग?"

आम्ही दोघी खुदकन हसलो. आमच्याकडे पोरीला वेणी घालता येण्याआधी कोबीवर दगड ठेवता येतो. जेवढा जड दगड, तेवढा कोबी चांगला. यात चूक असेल असं मनातही आलं नाही.

त्सोनाने बिया काढून नदीतले गोटे भरले. नऊ किलो.

चर्चमध्ये दोब्रीच्या नावाने उकडलेले गहू वाटून झाले, मग जेवणं. ती दोनदा उठली, दोनदा मीच तिला बसवलं. "बस गं, सूप यायचंय अजून." तासाचे चार तास झाले. परत आलो तेव्हा मिंको होता तिथेच होता.

"बघ, कसा शहाण्यासारखा बसलाय!" हे मीच म्हणाले.

त्याची विजार ओली होती. त्सोनाने ती बदलली.

पुढे तीन आठवडे गादी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांडीवरच राहिली. त्सोनाला दोष कसा देऊ? दोन वर्षांत पहिल्यांदा तिला बसून चहा प्यायला मिळत होता. आणि रोज पाच वाजता मिंकोचे हात गादीच्या कडेखाली जात, हे आम्ही दोघींनी पाहिलं होतं. आम्ही त्याला चाळा म्हणत होतो.

त्या दिवशी दोनदा हात घालूनही मिंकोला उचलेना, तेव्हा शेवटी रुमेनानेच गादी उचलली. "अरे देवा! मावशी, काय भरलंस हे?" तिने मोजे काढले. पावलं सुजून निळसर झाली होती. "उठा काका."

मिंकोने खुर्चीचे हात धरले, अर्धवट उठला. गुडघे लटपटले. बसला.

"माझंच चुकलं," त्सोना रडायला लागली. "माझीच अक्कल."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. ताट धरून उभी राहिले.

सूज उतरली, रंग परत आला. पायांत बळ आलं नाही. "या वयात एकदा बसलेलं माणूस…" एवढं बोलून डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं.

त्सोनाने गोटे नदीत टाकले, बिया परत भरल्या. तीन किलो, काट्यावर तोलून. फाटकाचं कुलूप काढलं. आता पाच वाजले की तीच हाक मारते, "मिंको, वेळ झाली. गाडी काढायची ना? लोक खोळंबलेत."

तो गादी उचलतो. स्वतःच्या हातांनी, अगदी सहज. नीट घडी करून बाजूला ठेवतो. टोपी सारखी करतो. आणि उघड्या फाटकाकडे बघत बसून राहतो.