मनगटावरचा दिवा

"मग भाकरी कशी मोडायची?" शहादेवनं विचारलं.

परमेश्वर हसता हसता थांबला. मघापासून तो आपल्या कागदावरच्या गड्याच्या हातांत पाती बसवत होता. कोपरापासून मनगटापर्यंत दडलेली, मूठ आवळली की सपकन बाहेर येणारी.

"भाकरी?"

"मूठ आवळली की पातं भायेर येतं म्हणतूस. भाकरी मोडताना मूठ आवळतीच की. लेकरू उचलताना बी आवळती."

"अय फौजी, गेम हाय ह्यो! दोन हजार नव्वद साल हाय. तवा कोण भाकर खातंय?"

"मग काय खात्यात?"

शहादेवनं हे खरंच विचारलं होतं. त्यात थट्टा नव्हती, राग नव्हता. गेल्या काही वर्षांत त्याच्या कुठल्याच बोलण्यात काही नसायचं.

चौसाळ्याला हायवेच्या कडेला जावेदचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की तो शटर अर्ध्यावर ओढायचा, आणि काउंटरभोवती खेळ मांडायचा. बियाण्याच्या दुकानाचा परमेश्वर यायचा, वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास घेणारी उज्ज्वला यायची. प्रत्येकानं कागदावर एक माणूस उभा करायचा आणि जावेद सांगेल त्या गोष्टीत त्याला चालवायचं. वार लागला की हुकला, ते फासे ठरवणार. गोष्ट पुढच्या काळातल्या बीडची. तिथं बिंदुसरा नदीवर छत घातलेलं, रस्त्यांवर रात्रंदिवस रंगीत दिवे आणि माणसांच्या अंगात यंत्रं. छत्रीतून तोफ निघायची. डोळ्यातून फोटो निघायचे.

शहादेवला तिथं आणलं उज्ज्वलानं. ती त्याची मेहुणी. तो फौजेतून घरी आला होता आणि डोंगरावरच्या पवनचक्क्यांची राखण करत होता. वाढलं ते खायचा. सगळे हसले की थोड्या वेळानं तोही हसायचा. त्याची बायको वनमाला बहिणीला म्हणाली होती, "घेऊन जा गं तुझ्या दाजीला. भिंतीसारखं बसत्यात नुसतं. भिंतीत निदान खिळा तरी ठोकता येतो."

जावेदनं त्यालाही एक कागद दिला. "शादेवभाई, तुमच्या आदमीला काय बसवायचं? लोखंडी हात? काळजात मशीन?"

"बूट चांगले दे," शहादेव म्हणाला. "आन् पाण्याची बाटली."

जावेदला मात्र त्याचं फार अप्रूप. खरा फौजी आपल्या टेबलावर! एके दिवशी तो म्हणाला, "ह्या गेमच्या पुस्तकातले रूल सगळे फेकू हायेत. आदमी पाच गोळ्या खाऊन भिंतीवर चढतोय. खरं कसं असतं ते तुमी सांगा. पुढच्या जुम्म्याला तसंच खेळू."

"बरं," शहादेव म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी गोदाम लुटायचं होतं. परमेश्वरनं खांद्यावर रॉकेट लावून घेतलं होतं. दारातच जावेदनं फासा टाकला आणि उज्ज्वलाच्या कागदावरच्या बिजलीला गोळी लागली. पोटात.

"इंजेक्शन घेते," उज्ज्वला म्हणाली. "दोन मिनटांत उठते."

जावेदनं शहादेवकडं पाहिलं.

"आता ती उठत न्हाई," शहादेव म्हणाला.

"गोळी आली कुटून पण?" परमेश्वर रॉकेट सोडायला टपला होता.

"दिसत न्हाई ते. आवाज येतो, मानूस पडतो. ते खाली ठिव आन् तिचे पाय धर."

मग सगळी दुपार बिजलीला उचलून नेण्यातच गेली. थोडं चाललं की खाली ठेवायची. हात बदलायचे. चढ आला की पायाकडच्यानं वर धरायचं, नाहीतर ती सरकते. उज्ज्वलानं पाणी मागितलं तर शहादेव म्हणाला, "पोटाच्या जखमेला पाणी देयाचं न्हाई. नुसतं व्हट वले करायचे." आधी ती हसत होती. नंतर गप्प झाली. दिवस कलला, असरची अजान झाली तरी दवाखाना आला नव्हता.

परमेश्वर उठला. "मी गेम खेळायला येतो बे. हमाली करायला न्हाई." शटरखालून वाकून तो निघून गेला.

जावेद फासे गोळा करू लागला. उज्ज्वलानं हळूच विचारलं, "दाजी, मी जिती हाय का?"

"म्हाईत न्हाई," शहादेव म्हणाला. "उचललेल्याचं कळत न्हाई." आणि पवनचक्कीवरची ड्यूटी सांगावी तशा आवाजात तो पुढं बोलत राहिला. "आमचा बलराम व्हता. त्याला जंगलातून दिवसभर आनला आमी. मी डोक्याकडून धरलतं. बोलत व्हतो त्याच्याशी. एका जागी हात सुटला आन् दगडावर आपटला, तवा त्याला सॉरी बी म्हणलो. खाली डाक्टरनं बघितलं. म्हणला, ह्यो सकाळीच गेलाय. सकाळी म्हंजे कवा, ते काय कळलं न्हाई."

जावेदच्या बोटांत एक बारीक स्क्रू होता. तो त्याला फिरवत राहिला.

हे शहादेवनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, वनमालालाही नाही. सांगितल्यावर आत काहीतरी हलेल, अशी त्याची समजूत होती. काही हललं नाही. त्यानं घड्याळ बघितलं, डबा उचलला आणि तो ड्यूटीवर गेला. तो पुन्हा येणार नाही असंच दोघांना वाटलं.

पण तो आला. परमेश्वरही आला, जरा ओशाळून. जावेदनं सगळ्यांना चहा सांगितला आणि घसा खाकरला. "शादेवभाई, बुरा मानू नका. जुनेच रूल घेऊ. खरं खरं खेळलं की लोक लई थकत्यात."

"घे की," शहादेव म्हणाला. चहा संपवून त्यानं कप सरकवला. "मला एक यंत्र दे पर."

तिघंही बघत राहिले. आजवर त्यानं आपणहून काहीच मागितलं नव्हतं.

"मनगटावर एक दिवा. आपन ज्याला उचललाय, तो जिता हाय तवर जळायचा. गेला की विझायचा."

जावेदनं पुस्तक चाळलं. त्यात शेपटीला बांधायची बंदूक होती, बोलणारा चष्मा होता. "असं काय न्हाई यात," तो म्हणाला.

"पण फायदा काय त्याचा?" परमेश्वरनं विचारलं. "दिवा आसला की मानूस वाचतो का?"

"न्हाई."

"नेम चांगला लागतो?"

"न्हाई."

"मग कावून पाहिजे?"

शहादेवनं जरा विचार केला. "कळतं," तो म्हणाला.

जावेदनं त्याच्या कागदावर, बूट आणि बाटलीच्या खाली, दिवा लिहिला.

त्या दिवशी खेळ रंगला. परमेश्वरनं एक अख्खा मनोरा पाडला. उज्ज्वला गाडीच्या टपावरून उड्या मारत गेली. शहादेव मागं मागं चालत होता, पडलेल्याला उठवत होता आणि अधूनमधून विचारत होता, "चालू हाय का?" जावेद म्हणायचा, "चालू हाय, चालू हाय." शेवटी परमेश्वर जळत्या इमारतीवरून रॉकेटसकट खाली झेपावला आणि फासा उलटा पडला. जावेदनं दोन्ही हात वर केले.

"गेला बे!" परमेश्वरनं कपाळावर हात मारून हसत दुसरा कागद ओढला. "आता उडणारा बनवतो."

"बाकीचे गाडीत बसले," जावेद घाईनं सांगू लागला, "आणि गाडी निघाली सुसाट..."

"थांब," शहादेव म्हणाला. "आन् ह्यो?"

"कोण ह्यो? तो मेला, शादेवभाई. तुमचा दिवा विझला."

"विझला. बघितलं मी. पर हितंच टाकायचा का त्याला?"

जावेदनं पुस्तकाकडं पाहिलं, मग मिटून ठेवलं. "मेलेल्याचा रूलच न्हाई यात."

बाहेरून एक ट्रक गेला. शटर थरथरलं. शहादेवचे दोन्ही हात काउंटरवर होते, तळवे वर. एखाद्याच्या काखेखाली घालावेत तसे.

"मी डोक्याकडून धरतो," तो म्हणाला.

उज्ज्वलानं आपली खुर्ची जरा पुढं ओढली.

"पाय मी धरते, दाजी."

परमेश्वरचं पेन नव्या कागदावर थांबलं होतं. त्यानं ते टोपण लावून खिशात ठेवलं.

"दोघांना झेपायचा न्हाई," तो म्हणाला. "लई जड गडी हाय माझा. मधी मी धरतो."

जावेदनं फासे डबीत टाकून झाकण लावलं. मग तो रस्ता सांगू लागला, हळूहळू. आधी कुठं वळायचं, उतार कुठं लागतो, कुठं जरा खाली टेकवता येईल. बाकीचे ऐकत होते. कुणालाच घाई नव्हती.