परक्या कोठारातला माल

मित्रांनो, नवापूरच्या मच्छीमार सोसायटीत खिडकीपाशी ठेवलेला जुना संगणक तो मीच. मान वर करून सांगावं असं आज माझ्याकडे काही नाही.

बोईसरच्या एका कारखान्याने मला भंगारात काढलं, तेव्हा गावातल्या चारुताने मला उचललं आणि माझ्यात लिनक्स ही फुकट मिळणारी संगणक-प्रणाली भरली. लिनक्सचं एक खात्रीचं कोठार असतं, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. नवे प्रोग्राम तिथूनच घ्यायचे, माल अस्सल असल्याची डिजिटल सही तपासून. पाच वर्षं मी तसाच वागलो. होड्यांना समुद्रात जायला लागणाऱ्या चिठ्ठ्या मी छापायचो आणि कारकून मंदा म्हणायची, "म्हातारा हाय, पण कामाला वाघ!" काय फुगायचो मी!

जुलैत मंदाला चिठ्ठीवर सुबक अक्षरं हवीशी झाली. इंटरनेटवर वाचून तिने एका परक्या रिपॉझिटरीचा पत्ता मला दिला. तिथली सही माझ्या ओळखीची नव्हती. मी पडद्यावर बारीक इंग्रजीत एकदा कुरकुरलो, तिने न वाचताच होकार दिला. अक्षरं खरंच देखणी आली. माझं कौतुक झालं आणि मी गप्प बसलो.

त्याच कोठारात छपाईचाही एक प्रोग्राम होता. आवृत्तीचा आकडा मोठा दिसला की ती घ्यायची, ही माझी खोड. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायच्या आदल्या संध्याकाळी अपडेट झालं, तेव्हा मी माझा चांगला चालणारा प्रोग्राम काढून तो परका आत घेतला.

सकाळी प्रिंटर हूं की चूं करेना. बाकीच्यांनी चिठ्ठ्या आधीच नेल्या होत्या. गावातल्या होडीवाल्या रत्नाबाईला मात्र जाळं शिवता शिवता उशीर झाला होता. तिचा नवरा कमलाकांत खाडीत होडीवर थांबलेला. हाताने लिहिलेली चिठ्ठी बंदरावर चालत नाही.

"मंदा, पाणी उतरतंय गो!"

"काकी, हा ऐकतच नाय!"

पाणी उतरलं. सगळ्या होड्या गेल्या, रत्नाबाईची तेवढी चिखलात बसली. दोन महिने ज्या दिवसाची वाट पाहिली, तो गेला. मंदाने रागाने माझ्यावर हात आपटला.

"त्याला कशाला मारतेस?" रत्नाबाई म्हणाली. "त्या बापड्याला काय समजतं!"

दुपारी चारुताने येऊन परका पत्ता खोडला, जुना प्रोग्राम परत घातला आणि काय घडलं ते समजावलं.

"मासळी घेताना ताजी हाय का ते आमी कल्ला उघडून बघतो," रत्नाबाई म्हणाली. "याने बघितला नाय?"

"बघितला होता, काकी. पण बोलला हळू."

रत्नाबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं, आता छापून आलेली चिठ्ठी घेतली आणि निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, तुमचा संगणक बारीक अक्षरांत काही विचारेल, तर थांबा, वाचा. आणि तुम्हाला स्वतःला कधी काही खटकलं, तर कौतुक जाईल म्हणून हळू बोलू नका.