सासूबाईंची खूण

सासूबाई गेल्या आणि त्यांच्या मनी मांजरीचं इन्सुलिन माझ्याकडे आलं. सकाळ-संध्याकाळ, तिचं खाणं झालं की दोन युनिट टोचायचं आणि कॅलेंडरवर बरोबरची खूण करायची. "तुझ्या नेमांत आणखी एक नेम," असं म्हणून हे हसायचे.

त्या सकाळी जप उरकून मी सिरिंज भरली आणि सहज कॅलेंडरकडे पाहिलं. खूण आधीच केलेली होती. शेपूट लांब ओढलेली, सासूबाई करायच्या तशी.

"अहो, मनीला तुम्ही टोचलंत का?"

"मी? मला सुई बघूनच घेरी येते, बाई!"

घरात तिसरं कोणी नव्हतं. मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"शंका असेल तर देऊ नका," त्या म्हणाल्या. "एक वेळ चुकली तर चालते, दोनदा गेलं तर जिवावर बेतेल."

मी इन्सुलिन मोरीत सोडलं आणि मनीला शोधत गेले. सासूबाईंच्या पलंगाखाली तिने सकाळचं सगळं खाणं ओकून टाकलं होतं. तशा रिकाम्या पोटी मी टोचलं असतं, तर ती वाचलीच नसती.

मनी मात्र रिकाम्या पलंगावर, उशीपाशी, कुणीतरी थोपटत असल्यासारखी घुरघुरत होती. मी हात जोडले आणि दार हळूच लोटून घेतलं.