उभा फिल्टर, आडवा फिल्टर

दुसरी थप्पड इतक्या जोरात बसली की मिस्त्रींचा ओठ फुटला.

"पाहुणे जिना चढतायत आणि पडद्यावर एक पट्टा नाही!" सर गरजले.

मिस्त्री म्हणजे प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ. एकोणतीस वर्षे त्यांनी याच टेबलावर आरसे जुळवले होते. प्रकाशाला दोन वाटांनी पाठवायचे, पुन्हा एकत्र आणायचे, की पडद्यावर काळे-उजळ पट्टे उमटतात. आज नुसता सपाट उजेड होता. त्याचे कारण सांगितले, म्हणूनच तर पहिली थप्पड पडली होती.

"सर, कालचे ध्रुवीकरणाचे फिल्टर काढायचे राहिलेत," ते पुन्हा म्हणाले. "एका वाटेत उभा, दुसरीत आडवा. उजेड कुठून आला त्याची खूण बसली की पट्टे जातात. ती कुणी वाचो न वाचो. काल वर्गाला तुम्हीच बसवून दाखवलंत."

"मला शिकवतोस?"

चोर तो चोर, वर शिरजोर! सरांनी स्टँडचा लोखंडी दांडा उपसला आणि मिस्त्रींच्या खांद्यावर हाणला. मिस्त्रींनी मार गिळला. भिंतीशी त्यांची लेक उभी होती. ती याच वर्गात शिकत होती, कर्मचाऱ्याची मुलगी म्हणून फी माफ. नोकरी गेली की तिचे शिक्षणही गेले.

"बाबा खरं बोलतायत," ती म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी बघितलंय."

दांडा तिच्याकडे वळला.

मिस्त्रींनी सरांचे मनगट धरून पिरगळले. काडकन आवाज झाला. सर कोसळले, तरी मिस्त्री थांबले नाहीत. त्यांनी छातीत लाथ घातली, मग तोंडावर, मग पुन्हा तोंडावर. त्यांना बरे वाटत होते, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

दोन रखवालदारांनी येऊन त्यांचे हात मागे आवळले आणि त्यांना दाराकडे वळवले. पाहुणे उंबऱ्यातच थिजले होते.

"बाबा, आता काय करू?"

"फिल्टर काढ. घाई नको. कडेनं धर, आरशाला बोट लावू नकोस."

मागे स्क्रू सैल झाल्याचा आवाज आला. एक, मग दुसरा. मिस्त्रींची पाठ पडद्याकडे होती आणि रखवालदार मान वळवू देत नव्हते.

"पट्टे आले का?"

"आले, बाबा." ती रडत होती. "स्वच्छ आलेत."

"मग आरशाला बोट नाही लागलं," मिस्त्री म्हणाले आणि जिना उतरू लागले.