बाटलीवरचं जुनं लेबल

दादाच्या रक्तातली औषधाची पातळी निम्म्यावर आली होती. बसवलेली किडनी शरीराने परकी मानू नये, म्हणून ते औषध त्याला जन्मभर घ्यायचं होतं. किडनी वहिनीची होती. चार वर्षांपूर्वी तिने दिलेली.

रिपोर्ट आधी धाकटीने वाचला. दादाची ही बहीण फार्मासिस्ट होती, मोठ्या रुग्णालयाच्या औषधखिडकीवर सोळा वर्षं. ती दादा-वहिनीच्याच घरात मागच्या खोलीत राहायची. दादाचा गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा दर आठवड्याला तीच भरायची.

"तू गोळ्या चुकवतोयस," ती म्हणाली.

"नाही."

"आकडे खोटं बोलत नाहीत."

"म्हणजे मी बोलतो."

वहिनी इस्त्री करत होती. "दोन वेळा गोळी गिळायची, एवढंच काम आहे तुला," ती म्हणाली. "तेही जमू नये?"

"एक मास्तरीण काय कमी होती," दादा म्हणाला, "आता दोन झाल्या."

एरवी धाकटी हसली असती. त्या दिवशी तिने त्याला दहा मिनिटं फैलावर घेतलं. डबा रिकामा होतो, मग गोळ्या जातात कुठे, बेसिनमध्ये? शेवटी ती म्हणाली, "वहिनीने पोट चिरून घेतलं ते यासाठी?" वहिनीची इस्त्री थांबली. दादा उठून आत गेला.

संध्याकाळी धाकटीने न्हाणीघरातल्या फळीवरची आपली बाटली उचलली. ती हाताला हलकी लागली. साठातल्या निम्म्या तरी कॅप्सूल उरायला हव्या होत्या. तळाशी सात होत्या.

बाटलीवर लेबल व्हिटॅमिनचं होतं. आत सेंट जॉन्स वर्ट होतं, पिवळ्या फुलांच्या एका झाडाचा अर्क. उदासीवर तो घेतात. आठ महिने तिला सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकणं जड जात होतं. डॉक्टरकडे जायचं, तर तिच्याच रुग्णालयात जावं लागलं असतं आणि चिठ्ठी तिच्याच खिडकीवर आली असती. म्हणून तिने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानातून ही बाटली आणली. हा झाडपाला निरुपद्रवी नाही, दुसऱ्या औषधांची ताकद तो मारतो, हे तिला पाठ होतं. पण तिला स्वतःला दुसरं औषध नव्हतं, तेव्हा तिने हिशेब जुळवला. घरात कुणी विचारू नये म्हणून कॅप्सूल व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत ओतल्या. खिडकीवर नव्याने येणाऱ्यांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, आत एक आणि लेबलावर दुसरं असेल, तर औषधांच्या कपाटाची चावी ठेवा आणि घरी जा.

"माझ्या फळीवरची बाटली तू वापरतोस?" तिने दादाला विचारलं.

"व्हिटॅमिनची ना? माझी संपली, तीन आठवडे झाले. मला काय चालतं त्या यादीत तूच तर लिहिलंयस, हे चालेल म्हणून. कंपनी बदललीस का? या जरा मोठ्या आहेत."

"हो," ती म्हणाली. "आता घेऊ नकोस. त्यांची तारीख उलटलीय."

एका दमात दोनदा खोटं बोलून झालं. खोलीत येऊन तिने विचार केला. कॅप्सूल बंद झाल्या, की दोनेक आठवड्यांत पातळी आपोआप वर येईल. कुणाला काही कळायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी तिघंही डॉक्टरांसमोर बसली होती. किडनीचा आकडाही थोडा वाढला होता, म्हणजे किडनीचं काम मंदावलं होतं.

"गोळ्या वेळेवर घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

दादाने धाकटीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "राहिली असेल एखादी," तो म्हणाला. "लक्षात नाही."

वहिनीने मान दुसरीकडे वळवली.

"मग आपण डोस वाढवू," म्हणत डॉक्टर लिहू लागले.

वाढवलेला डोस आणि उतरत जाणारा अर्काचा परिणाम, दोन्ही एकत्र आले की पातळी नको तितकी चढेल आणि किडनीलाच मार बसेल. हे त्या खोलीत फक्त धाकटीला ठाऊक होतं.

"वाढवू नका," ती म्हणाली. "त्याने एकही गोळी चुकवलेली नाही. तीन आठवडे तो सेंट जॉन्स वर्ट घेत होता, कालपर्यंत. त्याला माहीत नव्हतं. बाटली माझी होती. लेबल व्हिटॅमिनचं होतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही खाली औषधखिडकीवर असता ना?"

"हो."

"मग लेबल?"

"मीच ठेवलं तसं."

"कशासाठी घेत होतात?"

झोपेसाठी, हा शब्द तिच्या तोंडाशी तयार होता. "उदासीसाठी," ती म्हणाली. "आठ महिने झाले."

डॉक्टर तिला रागावले नाहीत. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी वाढीव डोसवर काट मारली, दर तीन दिवसांनी रक्त तपासायला सांगितलं आणि दुसऱ्या कागदावर मानसोपचार विभागाचं नाव लिहून तो तिच्यापुढे सरकवला. "परस्पर काही सुरू करू नका आणि बंदही करू नका. तिथे बाटली घेऊन जा."

बाहेर बाकावर दादा म्हणाला, "म्हणजे मी खरं बोलत होतो."

"हो."

"काल बेसिनपर्यंत गेलीस तू."

"चुकलं माझं, दादा."

"जाऊ दे. पण मला खरंच वाटायला लागलं होतं, की मी विसरतोय."

वहिनी धाकटीकडे वळली. "मी तुला रोज विचारत होते, चेहरा का उतरलाय," ती म्हणाली. "तू म्हणायचीस, खिडकीवर गर्दी असते."

"असते."

"डबा आता मी भरेन. तू शेजारी बसून सांग. हात लावू नकोस."

धाकटीने मान हलवली. मग ती कागद घेऊन तळमजल्यावर नोंदणीच्या रांगेत उभी राहिली. तिथला कारकून तिला ओळखत होता. कुणासाठी, असं त्याने विचारलं तेव्हा तिने स्वतःचं नाव सांगितलं, आणि त्याला ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा, मोठ्याने सांगितलं.

महिन्याभरात औषधाची पातळी जागेवर आली. किडनीचा आकडा मात्र पूर्वीच्या जागी आला नाही. थोडा वरच राहिला. धोक्याचं नाही, डॉक्टर म्हणाले, पण आता हाच तुमचा नेहमीचा आकडा समजा. वहिनीने तो आकडा दोनदा वाचला, आणि धाकटीकडे न बघता कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.