कोरा रुमाल

लाँड्रीवाल्या थोरलीला लोक पाठीमागे 'भिंग' म्हणायचे आणि हे तिला ठाऊक होतं. ते नाव कुणी पाडलं याचा तपासही तिने करून पाहिला होता, पण तो फिरून फिरून नवऱ्याशी येऊन थांबला, तेव्हा तिने तो सोडून दिला. कपडा हातात आला की तिची नजर सरळ डागावर जायची. गिऱ्हाईक म्हणालं, "शाई सांडली हो," तर ती बाही उजेडात धरून म्हणायची, "शाई नव्हे ही," आणि गिऱ्हाईक उगाचच खोकायला लागायचं.

हल्ली मात्र ती कपड्यांपेक्षा माणसांनाच जास्त निरखत होती. आपली कुणीतरी चुगली केली आहे, आणि तीही थेट पाळकांकडे, असा तिला दाट संशय होता.

पंचाईत अशी, की चुगली करण्यासारखं खरंच घडलं होतं. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या मेजावर पसरायचा पांढरा कपडा तिच्या आईने भरला होता. चारही कडांना लाल दोऱ्याची द्राक्षवेल. आई गेल्यावर तो धुण्याचा मान दोघी बहिणींकडे आला, कारण लाँड्री दोघींची. एकदा घाईगर्दीत थोरलीने तो चादरींबरोबर उकळत्या पाण्यात टाकला. लाल दोरा सुटला आणि अख्खा कपडा गुलाबी होऊन बाहेर आला. तेवढ्यात पाळक दारात उभे. थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "धाकटीने उकळला."

धाकटी तिथेच इस्त्री करत होती. तिने मान वर करून बहिणीकडे पाहिलं, इस्त्री उभी करून ठेवली आणि एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. कळलं ते असं, की तिने इस्पितळाच्या धुलाईखात्यात काम धरलंय.

ओरडली असती, भांडली असती, तर थोरलीला बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. ही बया गप्प बसली होती. रविवारी येऊन आईच्या त्याच बाकावर, थोरलीच्या शेजारी, मधे वीतभर जागा सोडून बसायची. बोलायची तेवढं, "ताई, जरा सरक." एवढं गप्प कुणी उगाच बसतं का? कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि मग पाळकांचे उपदेश सुरू झाले. आधी एका रविवारी ते दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलेल्या ओझ्याबद्दल बोलले. थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. पुढच्या रविवारी म्हणाले, "देवाची शिस्त ही घरातल्यांसाठी असते. पाहुणा चिखलाच्या पायांनी आला तर आपण हसून 'या, बसा' म्हणतो. पण पोटचं पोर तसं आलं तर दारातच अडवतो, आधी पाय धू म्हणतो. अडवलं म्हणजे हाकललं असं नव्हे." सगळी मंडळी माना डोलावत होती. थोरली बाकावर ताठ झाली. चिखल काय, धुणं काय! धुण्याचं उदाहरण या माणसाला आजच कसं सुचलं?

दुकानातही काही धड होत नव्हतं. पांढरे कपडे पिवळट निघायला लागले, गिऱ्हाइकं ते परत आणून द्यायला लागली. तिने साबणवाला बदलला. पाण्यात कुणी काही मिसळतंय का म्हणून टाकीवर चढून बघितलं. नवऱ्याने खालून शिडी धरली होती. तो म्हणाला, "अगं, कपडे खळबळून काढायचं काम धाकटीचं होतं. तू एकाच पाण्यातून काढतेस." त्यावर तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो शिडी सोडून चहा करायला गेला.

आता त्या मंडळीची एक रीत होती. इतर चर्चमध्ये प्रभुभोजनाला छोटे छोटे पेले आले, पण इथे अजून द्राक्षारसाचा एकच मोठा प्याला बाकांवरून हातोहात फिरायचा. प्रत्येकाचा आपला एक पांढरा हातरुमाल, कोपऱ्यात ओळखीचा दोरा. घोट घ्यायचा, आपल्या रुमालाने ओठ आणि प्याल्याचा काठ टिपायचा, आणि प्याला पुढे द्यायचा. नंतर सगळे रुमाल टोपलीतून लाँड्रीत यायचे. त्यामुळे कुणी घेतलं आणि कुणी नाही, हे जगात एकट्या थोरलीला कळायचं.

आणि तिचा स्वतःचा, हिरव्या दोऱ्याचा रुमाल त्या खोट्यापासून दर वेळी कोरा यायचा. प्याला देण्याआधी पाळक नेहमीप्रमाणे म्हणायचे, की ज्याने आपल्या माणसाचं वाईट केलंय त्याने आधी जाऊन ते निस्तरावं. तेवढी भीती तिच्यात शिल्लक होती. ती ओठ मिटून प्याला तोंडाला लावायची आणि कोरडाच पुढे द्यायची. आतून तिचा जीव तुटायचा. लहानपणापासून आईच्या मांडीला खेटून ज्याची वाट बघितली, तो घोट नाकाखालून निघून जायचा.

त्या सोमवारी ती टोपली उपसत होती. आपला कोरा रुमाल तिने पटकन बाजूला सारला, आणि त्याच्या खालून आणखी एक कोरा रुमाल निघाला. कोपऱ्यात निळा दोरा होता. धाकटीचा! आजवर स्वतःचा रुमाल लपवायच्या घाईत तिने बाकीचे न बघताच पाण्यात सोडले होते.

थोरलीने तो उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला. द्राक्षारसाचा ठिपकाही नव्हता. तिला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोला. म्हणजे बाईसाहेबांच्याही मनात काहीतरी आहे! चुगली करून आता मन खातंय. तिने दुकानाचं दार ओढलं आणि तरातरा पाळकांकडे निघाली.

पाळक अंगणात खुर्चीचा मोडका पाय ठोकत बसले होते.

"मला एवढंच सांगा," थोरली उभ्याउभ्याच म्हणाली, "तुम्हाला माझ्याबद्दल कोण येऊन सांगतं?"

"काय सांगतं?"

"तेच. ओझं, चिखल, पाय धुणं. सगळे उपदेश माझ्यावर नेम धरून चाललेत."

पाळकांनी हातोडी खाली ठेवली. त्यांचा चेहरा इतका गोंधळलेला होता, की तो सोंग असेल तर त्यांनी नाटकात जायला हवं होतं. "बाई, माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. दर आठवड्याला मी स्वतःलाच उपदेश करतो आणि तुम्ही सगळे ऐकता. तुमचं काय झालंय?"

"काही नाही," थोरली म्हणाली आणि आली तशी परतली.

राहिली धाकटी. इस्पितळाच्या मागच्या दाराशी थोरली उभी राहिली. काम सुटल्यावर धाकटी ओले हात पदराला पुसत बाहेर आली. थोरलीने तो रुमाल तिच्यासमोर धरला.

"तू घेत नाहीस," थोरली म्हणाली. "का? काय करून ठेवलंयस?"

धाकटीने रुमालाकडे पाहिलं आणि मग बहिणीकडे. "तूही घेत नाहीस, ताई."

थोरलीने रुमाल खाली घेतला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? आयुष्यभर तुझ्या शेजारी बसलेय. घोट घेतलास की तू डोळे मिटतेस, अगदी आईसारखे. आता प्याला तोंडाला असतो आणि डोळे टक्क उघडे. सगळ्या मंडळीवर पहारा चाललेला."

"मग तू? तू तर काही केलं नव्हतंस."

"मी तुझा इतका राग केला, की विचारू नकोस." धाकटी म्हणाली. "घरी म्हणायची, जाऊ दे, बहीण आहे. पण प्याला हातात आला की ते 'जाऊ दे' तोंडातून खाली मनात उतरायचं नाही. मग मीही कोरडाच पुढे द्यायची."

"आणि कुणाला बोलली नाहीस?"

"काय बोलू? कपडा तू उकळलास. बोलायचं तूच." एवढं बोलून ती चालू लागली.

थोरली घरी निघाली. पाळकांना कुणी सांगितलं नव्हतं. धाकटीने सांगितलं नव्हतं. नवऱ्याला मुळात काही ठाऊकच नव्हतं. तरी इतके दिवस कुणीतरी तिच्या मागे हात धुऊन लागलं होतं. उपदेशात गाठत होतं, टाकीवर चढवत होतं, प्याला ओठांपाशी आणून परत नेत होतं. संशय घ्यायला आता एकच जण उरला होता, आणि त्या वरच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. रस्त्यातच तिला रडू आलं. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की आपल्या एका खोट्याने धाकटीही त्या मेजावरून उपाशी उठत होती.

पुढच्या प्रभुभोजनाला पाळकांनी नेहमीचे शब्द म्हटले आणि नेहमीसारखे थांबले. त्या शांततेत कधीच कुणी उठत नसे. थोरली उठली.

"आईचा कपडा मी उकळला," ती म्हणाली. "धाकटीने नाही. मी खोटं बोलले. देवापुढे आणि तिच्यापुढे मी चुकले."

सवयीने तिने सगळीकडे नजर फिरवली. कोण हसतंय, कोण कुजबुजतंय? कुणीच नाही. पाळकांनी फक्त मान हलवली आणि प्याला पहिल्या बाकाकडे दिला.

तो तिच्यापर्यंत आला. ती प्यायली आणि तिचे डोळे मिटले. काठ टिपून तिने न बघताच प्याला शेजारी दिला. शेजारच्या हाताने तो घेतला. धाकटीने पुढे काय केलं, हे बघावं असं तिला फार वाटलं. पण तिने डोळे उघडले नाहीत.

सोमवारी सकाळी टोपली आली. वरच हिरव्या दोऱ्याचा रुमाल होता आणि त्याच्या घडीवर जांभळा ठिपका. खाली निळ्या दोऱ्याचा होता, पण त्याची गच्च बारीक घडी घातलेली. आतलं काही दिसत नव्हतं. थोरलीचा हात आपोआप खिडकीच्या उजेडाकडे गेला.

"बघ, बघ. उलटा करून बघ. वासही घे," दारातून धाकटी म्हणाली.

थोरलीचा हात थांबला. तिने ती घडी न उलगडता तशीच खाली आणली आणि भट्टीवरच्या पातेल्याकडे वळली.

"थंड पाण्यात गं, बाई!"

थोरलीने तो थंड पाण्याच्या बादलीत सोडला. घडी हळूहळू सुटली आणि पाण्यात जांभळा रंग उतरला. धाकटीने तोवर बाह्या वर केल्या होत्या.